जुन्या यंत्राचे भाग आणि नवे यंत्र

खामगाव ही वऱ्हाडातील कापसाची जुनी व नावाजलेली पेठ. १८७० साली जलंब ते खामगाव हा सुमारे आठ मैलांचा लोहमार्ग तयार झाला आणि त्याच्या उद्घाटनास स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. आठ मैलांच्या फाट्याचे महत्त्व ते काय, असे कोणी विचारील. परंतु या फाट्याच्या दोन रुळांतील अंतर मुंबई-नागपूर या मुख्य मार्गाइतकेच, म्हणजे साडेपाच फूट होते. त्यामुळे खामगावास कापसाने भरलेला डबा जलंब स्थानकावर रिकामा न करता थेट मुंबई बंदराकडे रवाना करता येई. याच वऱ्हाडात मूर्तिजापूरहून यवतमाळकडे व अचलपूरकडे गेलेले मार्ग मात्र अडीच फूट रुंदीचे होते. तिकडचा माल मूर्तिजापुरास उतरवून दुसऱ्या डब्यात चढविल्यावाचून पुढे जात नसे. डबा उत्तम, इंजिन उत्तम, चाकेही उत्तम. पण दोन रुळांतील अंतर निराळे, एवढ्यावरून ती सारी सामग्री मुख्य मार्गावर निरुपयोगी ठरे.

शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आज आठवण्याचे कारण असे की, बुलढाणे, मलकापूर, चिखली येथील सुशिक्षित घरांत सध्या नेमका हाच प्रश्न निराळ्या वेषात उभा राहतो. दहा-बारा वर्षांपूर्वी मोठ्या नावाच्या कंपनीचा संगणक घेतलेला असतो. तो आता मंद झालेला असतो. मुलगा म्हणतो, नवा तयार संगणक घेण्यापेक्षा सुटे भाग आणून आपल्या गरजेप्रमाणे जुळवून घेऊ, आणि जुन्यातले जे चांगले आहे ते त्यात वापरू. वडिलांना यात काटकसर दिसते, आणि ती त्यांना पटतेही. पेटी धडधाकट आहे, वीजपुरवठ्याचा डबा चालतो आहे, रॅम आहे, हार्ड डिस्क आहे, मग हे सारे फेकून का द्यावयाचे? शेजारच्याच्या संगणकाचे भाग सहज बदलता आले, आपल्याच यंत्राचे का येऊ नयेत? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र दुकानदाराच्या मर्जीवर अवलंबून नसून, यंत्र बनविणारांनी आपसात मापाचा जो करार केला, अथवा मोडला, त्याच्या इतिहासावर अवलंबून आहे.

आरंभी असा करार नव्हताच. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने भारतात पहिल्यानेच जो पूर्ण इलेक्ट्रॉनिक अंकीय संगणक बांधला, तो १९६० साली कार्यान्वित झाला. पुढे १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे टिफ्रॅक असे नामकरण केले. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. त्यांतील एखादा जळाला तर त्याच जातीचा दुसरा त्या जागी बसविता येई, कारण रेडिओच्या व्यवसायाने व्हॉल्व्हच्या तळाची मापे आधीच ठरवून टाकली होती. १९३५ साली निघालेला आठ टोकांचा तळ तर जगभर पसरला होता. परंतु टिफ्रॅकचा स्मृतिविभाग सबंध उचलून दुसऱ्या यंत्रास जोडण्याचा विचारच संभवत नव्हता, कारण त्याच्या घडणीचे दुसरे यंत्र कोठे नव्हते. लहान भागांना सामाईक माप होते. मोठ्या भागांना नव्हते.

पुढे कचेऱ्यांतून व विद्यापीठांतून परदेशी कंपन्यांची यंत्रे आली. त्यांत आयबीएम ही अग्रेसर. तिची बहुतेक यंत्रे भाड्याने दिलेली असत, आणि ती उघडण्याचा, दुरुस्त करण्याचा अधिकार कंपनीच्या माणसांकडे असे. परकीय चलन नियमन कायद्यान्वये भारतातील व्यवसायात आपला भागभांडवलाचा वाटा कमी करावा, ही सरकारची अट मान्य न झाल्याने १९७८ साली ही कंपनी भारतातून निघून गेली. तिच्या मागे राहिलेल्या यंत्रांची देखभाल कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेने अंगावर घेतली. मूळ कारखानदार निघून गेल्यावरही यंत्र चालू ठेवता येते, हा धडा देशाने या निमित्ताने घेतला. परंतु त्यासाठी एक सबंध संस्था खपावी लागली. सामान्य गृहस्थास ते साधण्यासारखे नव्हते.

गंमत अशी की, सामान्य गृहस्थाच्या हाती पेचकस देण्याचे काम पुढे याच आयबीएमकडून, आणि तेही फारसे न ठरविता, घडले. १२ ऑगस्ट १९८१ रोजी या कंपनीने आपला वैयक्तिक संगणक अमेरिकेत जाहीर केला. फ्लॉरिडातील बोका रॅटन येथील एका लहानशा तुकडीने तो वर्षभरात उभा केला होता. वेळ थोडा असल्याने कंपनीने आपल्या शिरस्त्यास मुरड घातली आणि बाजारात मिळणारेच भाग घेतले. प्रोसेसर इंटेलचा, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची, बाकीचे भागही असेच ठिकठिकाणचे. मुख्य बोर्डावर पाच खाचा मोकळ्या ठेवल्या, की ज्यांत मागाहून हवी ती कार्डे खोचता यावीत. इतकेच नव्हे तर, दुसऱ्यांनी अशी कार्डे तयार करावीत म्हणून यंत्राच्या मंडलांचे आराखडे पुस्तकरूपाने विक्रीस ठेवले. साध्यातील साध्या यंत्राची किंमत १,५६५ डॉलर होती आणि त्यात स्मृती अवघी १६ किलोबाइट होती.

यंत्रात एकच गोष्ट कंपनीच्या खास मालकीची होती. ती म्हणजे बायॉस, अर्थात यंत्र सुरू होताच भागाभागांस जागे करणारी छोटीशी आज्ञावली. तिचा मजकूरही पुस्तकात छापलेला होता. पण तो उतरून घेणे म्हणजे स्वामित्वहक्काचा भंग. यातून ह्यूस्टनच्या कॉम्पॅक कंपनीने मार्ग काढला. ज्यांनी मूळ मजकूर कधी पाहिलाच नाही अशा माणसांकडून, केवळ कार्याचे वर्णन हाती देऊन, तेच काम करणारी नवी आज्ञावली तिने लिहवून घेतली. १९८३ पासून तिची यंत्रे बाजारात आली. १९८४ साली फीनिक्स या कंपनीने याच रीतीने तयार केलेले बायॉस कोणाही कारखानदारास विकण्यास आरंभ केला, आणि मग धरण फुटावे तसे झाले. तैवानपासून टेक्ससपर्यंत अनेक कारखाने एकाच मापाचे बोर्ड, एकाच मापाची कार्डे, एकाच मापाचे वीजपुरवठे बनवू लागले. करारपत्रावर कोणाची सही झाली नव्हती. पण मापाचा करार मात्र झाला होता.

भारतात ही लाट येण्यास फार काळ लागला नाही. १९८३ साली शेगावास श्री संत गजानन महाराजांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले आणि बुलढाणा जिल्ह्यात यंत्रविद्येच्या उच्च शिक्षणाची सोय झाली. नोव्हेंबर १९८४ मध्ये केंद्र सरकारने नवे संगणक धोरण जाहीर करून आयातीवरील बंधने व जकात सैल केली. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, ज्याचे अधिकृत नाव डॉक्टर भडकमकर मार्ग, हा रेडिओच्या व इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानांसाठी प्रसिद्ध होताच. आता तेथे संगणकाचे सुटे भागही मिळू लागले. ‘असेंबल्ड’ हा शब्द मराठी घरांत शिरला तो या मार्गाने. पेटी एकाची, बोर्ड दुसऱ्याचा, डिस्क तिसऱ्याची, आणि जुळणी दुकानदाराच्या हातची, असा संगणक नामांकित यंत्राहून बराच स्वस्त पडे. बिघडला तर बिघडलेला भागच बदलावयाचा. बाकीचे यंत्र तसेच चालू राही.

या जुळणीत कारागिरी कमी आणि सावधगिरी अधिक लागे. त्या काळच्या वीजपुरवठ्यातून मुख्य बोर्डाकडे सहा-सहा तारांच्या दोन जोडण्या जात. दोन्ही दिसावयास सारख्या; त्यांची अदलाबदल झाली तर बोर्ड जळे. म्हणून नवशिक्यास पहिला पाठ देत तो असा, की दोन्ही जोडण्यांच्या काळ्या तारा मधोमध एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. मापाचा करार असला तरी तो पुरता निर्दोष नव्हता, हे यावरून दिसते.

आपल्याच यंत्राच्या नकला आपल्याहून अधिक खपत आहेत, हे पाहून आयबीएमने १९८७ च्या एप्रिलमध्ये पीएस-टू नावाची नवी मालिका काढली. तिच्या बोर्डावरील खाचा बुद्धिपुरस्सर निराळ्या होत्या. जुनी कार्डे तीत बसत नसत, आणि त्या खाचांसाठी कार्ड बनवू इच्छिणाऱ्यास कंपनीस शुल्क द्यावे लागे. तांत्रिकदृष्ट्या ती रचना जुनीहून सरस होती, यात शंका नाही. तथापि दुसऱ्याच वर्षी नऊ प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एकत्र येऊन, जुनी कार्डेही चालतील अशी आपली स्वतंत्र रचना जाहीर केली. लोकांनी आपली जुनी कार्डे टाकून देण्यास नकार दिला, आणि पीएस-टूची खाच काही वर्षांतच मागे पडली. त्या मालिकेने आणलेले कळफलकाचे व माउसचे लहान वाटोळे छिद्र मात्र सर्वांनी उचलले आणि ते पुढे कित्येक वर्षे टिकले. जे माप सर्वांस खुले झाले ते जगले आणि जे कुलपात राहिले ते गेले.

सुट्या भागांतून यंत्र जुळविण्याची हीच कल्पना त्याच सुमारास पुण्यात फार मोठ्या प्रमाणावर कसास लागली. अमेरिकेकडून हवा तो महासंगणक मिळेना, तेव्हा भारत सरकारने १९८८ साली पुण्यास प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन केले. त्याची धुरा डॉक्टर विजय भटकर यांच्याकडे आली. भटकरांचा जन्म १९४६ सालचा, अकोला जिल्ह्याच्या मूर्तिजापूर तालुक्यातील मुरंबा गावचा. ज्या स्थानकावर रुंदी न जुळल्याने माल उतरवावा लागे, त्याच तालुक्यातील हा पुत्र. तीन वर्षांची मुदत व तीस कोटी रुपये एवढ्या शिदोरीवर परदेशी महासंगणकाची हुबेहूब नक्कल करणे शक्यच नव्हते. केंद्राने ब्रिटनमध्ये तयार होणारे ट्रान्सप्यूटर नावाचे प्रोसेसर घेतले. यातील प्रत्येक प्रोसेसरास शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार दुवे अंगचेच असत. अर्थात जोडणीचे माप भागातच घातलेले होते. असे अनेक प्रोसेसर एकत्र कामास लावून १९९१ साली परम ८००० हा महासंगणक सिद्ध झाला.

परमची पुढील कथा तर आपल्या विषयाच्या अधिकच जवळची आहे. त्यानंतरच्या परम ८६०० या यंत्रात गणिताचे जड काम इंटेलच्या अधिक वेगवान प्रोसेसरांकडे दिले, पण ट्रान्सप्यूटर काढून टाकले नाहीत. निरोपांची ने-आण करण्याचे काम त्यांच्याकडे ठेवले. एका पिढीचा मुख्य भाग दुसऱ्या पिढीत मदतनीस झाला. १९९८ सालच्या परम १०००० मध्ये तर सन या नामांकित कंपनीची, बाजारात नित्य विकली जाणारी यंत्रे घेऊन ती केंद्राने स्वतः तयार केलेल्या जाळ्याने जोडली. नामांकित यंत्र हे येथे अखेरचे यंत्र राहिले नाही. मोठ्या यंत्राचा तो एक सुटा भाग झाला. आपले स्वतःचे काय असावे आणि दुसऱ्याचे काय घ्यावे, याचा विवेक जेथे असतो तेथे परक्याच्या भागांतूनही आपले यंत्र उभे राहते.

घरगुती संगणकांच्या बाबतीत १९९५ हे वर्ष महत्त्वाचे. त्या वर्षी इंटेलने एटीएक्स नावाचे प्रमाण प्रसिद्ध केले. बोर्डाची लांबी ३०५ मिलिमीटर, रुंदी २४४ मिलिमीटर, स्क्रूंची छिद्रे अमुक ठिकाणी, मागील जोडण्या अमुक चौकटीत, वीजपुरवठा वीस टोकांच्या एकाच जोडणीने, आणि ती उलटी बसूच नये अशी तिची घडण. काळ्या तारांचा जुना पाठ देण्याची गरज संपली. पुढे वीस टोकांची चोवीस झाली, लहान बोर्डांसाठी लहान मापे आली. पण मूळ करार आजवर टिकून आहे. सुटे भाग आणून जुळणी करणारा मनुष्य आज त्याच्याच आधारावर काम करतो.

मग नामांकित संगणकांतच अडचण का यावी? याचे उत्तर व्यापाराच्या हिशेबात आहे. जी कंपनी एकाच नमुन्याची लक्षावधी यंत्रे काढते, तिला बोर्डाचा आकार आपल्या पेटीप्रमाणे कापून घेणे परवडते. चार तारा कमी केल्या तर लक्षावधी यंत्रांवर मोठी बचत होते. पेटी बारीक करावयाची तर वीजपुरवठाही निराळ्या आकाराचा करावा लागतो. यात प्रत्येक वेळी ग्राहकास बांधून ठेवण्याचाच हेतू असतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु परिणाम तोच होतो. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस काही यंत्रांत बाहेरून हुबेहूब एटीएक्ससारखी दिसणारी, पण आतील तारांचा क्रम निराळा असलेली जोडणी आली होती. ती नव्या बोर्डास लावणाऱ्याचा बोर्ड जळे. अलीकडच्या कित्येक नामांकित यंत्रांत चोवीसऐवजी सहा, आठ वा दहा टोकांचीच खास जोडणी असते. निदान ती बसतच नाही, म्हणून जाळीत तरी नाही.

हा इतिहास ध्यानात घेतला म्हणजे बुलढाण्याच्या त्या घरातील वडील-मुलाच्या प्रश्नाचे उत्तर भागाभागाने देता येते. हार्ड डिस्कचे माप सर्वांनी पाळलेले आहे. साटा जोडणी २००३ पासून बदललेली नाही. त्यामुळे डिस्क नव्या यंत्रात निःशंक बसते. पण एक खबरदारी आवश्यक आहे. कित्येक यंत्रांत डिस्कवरील मजकूर सांकेतिक कुलपात असतो आणि त्याची किल्ली जुन्या बोर्डावरील चिपमध्ये असते. जुने यंत्र चालू असतानाच ती किल्ली उतरवून घ्यावी आणि मजकुराची एक प्रत निराळी काढून ठेवावी. नाहीतर मुलांची छायाचित्रे आणि घरचे कागदपत्र डोळ्यांदेखत असून हाती लागत नाहीत. रॅमचे माप पिढीगणिक बदलले आहे. २००७ ची डीडीआर-थ्री, २०१४ ची डीडीआर-फोर आणि २०२० ची डीडीआर-फाइव्ह यांच्या पट्ट्यांवरील खाच मुद्दामच निराळ्या जागी ठेवली आहे, की एकीच्या जागी दुसरी बसू नये. दहा-बारा वर्षांपूर्वीची पट्टी नव्या बोर्डास चालेल अशी आशा धरू नये. पडदा, कळफलक, माउस, ध्वनिवर्धक हे बाहेरचे सोबती बहुधा चालतात.

पेटीच्या बाबतीत प्रथम आतल्या स्क्रूंची छिद्रे एटीएक्सच्या मापाची आहेत काय ते पाहावे, आणि मागील जोडण्यांची पत्र्याची चौकट सुटी निघते की पेटीतच ठोकलेली आहे हे तपासावे. ठोकलेली असेल तर तो नाद सोडावा. पुढच्या कळीच्या तारा अनेकदा एकाच खास जोडणीत गुंफलेल्या असतात, तेही पाहून घ्यावे. वीजपुरवठ्याविषयी तर दुहेरी सावधगिरी हवी. जोडणी निराळी असण्याचा संभव, आणि आतील कपॅसिटर वयोमानाने सुकलेले असण्याचाही संभव. येथे केलेली काटकसर साऱ्या यंत्रावर उलटते. प्रोसेसर नव्या बोर्डाच्या पिढीचा असेल तरच बसतो. आणि काही व्यावसायिक यंत्रांतील प्रोसेसर त्या कंपनीच्याच बोर्डाशी कायमचा जखडलेला असतो. यंत्राबरोबर आलेले विंडोजचे अनुज्ञापत्रही बहुधा त्या बोर्डाशीच बांधलेले असते. नव्या यंत्रासाठी ते निराळे घ्यावे लागेल, हे हिशेबात धरावे.

राहिलेले भाग भंगारवाल्यास वजनावर देण्याची चाल सर्वत्र आहे. तीत धोका आहे. जुन्या बोर्डांच्या डाकात शिसे असते, जुन्या सपाट पडद्यांच्या दिव्यांत पारा असतो. उघड्यावर तारा जाळून तांबे काढणाऱ्याच्या फुप्फुसांत आणि नदीनाल्यात ते विष उतरते. ई-कचऱ्याविषयीचे नियम भारतात प्रथम २०१२ साली अमलात आले. त्यांच्या जागी आलेले नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. जुने यंत्र रीतसर मोडीत काढण्याची जबाबदारी त्यांनी कारखानदारावर टाकली आहे. हे झाले मोडीत गेल्यानंतरचे. मोडीत किती जावे हे त्याआधीच, यंत्राचे माप आखले जाते तेव्हा ठरून गेलेले असते.

म्हणून नवे यंत्र घेताना वेगाची व किमतीची चौकशी करावी, तशीच एक चौकशी आणखी करावी: याचा वीजपुरवठा, याचा बोर्ड, याची पेटी सामान्य मापाची आहे काय? दहा वर्षांनी यातले काय काढून दुसऱ्यात घालता येईल? दुकानदारास हा प्रश्न प्रथम अपरिचित वाटेल. परंतु १९८७ साली ग्राहकांनी आपली जुनी कार्डे टाकण्यास नकार दिला, तेव्हा जगातील सर्वांत मोठ्या संगणक कंपनीसही आपला हेका सोडावा लागला होता. खामगावच्या व्यापाऱ्याचा कापूस जलंबला न उतरता मुंबईस पोहोचला, तो दोन मार्गांचे माप आधीच एक ठेवले होते म्हणून. ते पाहण्याची वेळ माल भरण्यापूर्वीची असते. मूर्तिजापूरच्या फलाटावर पोहोचल्यावर ओझे उतरविण्यावाचून गत्यंतर उरत नाही.